पहिली वेलांटी, दुसरी वेलांटी

छापखान्यात त्यांना सगळे दुसरीबाई म्हणत. कामावर नवा माणूस आला की त्याची हमखास समजूत व्हायची, ही कुणाची तरी दुसरी बायको असणार. एका यंत्रचालकाने तर कित्येक दिवस आडून आडून चौकशी चालवली होती की पहिली कुठे असते, नांदते का माहेरी गेली. शेवटी अक्षरं जुळवणाऱ्या जुळाऱ्याला त्याची कीव आली. त्याने त्याला मागच्या खोलीच्या दाराशी नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "ऐक जरा."

आत टेबलाच्या दोन बाजूंना दोन बाया बसल्या होत्या. थोरली हस्तलिखितातून मोठ्याने वाचत होती, धाकटी कच्च्या छपाईवर पेन्सिल फिरवत होती आणि मध्येच थांबून म्हणत होती, "दुसरी." पुन्हा थोडं वाचन, पुन्हा "दुसरी." म्हणजे इथे पहिली वेलांटी पडली आहे, ती दुसरी करायला हवी. दिवसभर हाच जप. त्यावरून नाव पडलं ते पडलंच. आणि ही दुसरीबाई म्हटल्यावर समोरची आपसूक पहिलीबाई झाली. खरं तर दुसरीबाईंचं लग्न कधी झालंच नव्हतं. आईचं आजारपण, धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, असं करता करता त्यांचं राहून गेलं, आणि राहून गेल्याचं कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही.

पहिलीबाईंना दुसरीबाई अक्का म्हणत. अक्काचं वाचन म्हणजे एक वेगळीच भाषा होती. चढउतार नाही, भावना नाही, भरभर आणि सपाट, विरामचिन्हंही बोलून दाखवत. "पाऊस पडला पूर्ण. तो म्हणाला स्वल्प अवतरण उघडलं." खून असो, लग्न असो, खताची जाहिरात असो, आवाज एकच. यंत्र सुरू झालं की पायाखालची फरशी थरथरायची. अक्का तेवढ्यापुरता आवाज चढवायची आणि यंत्र थांबलं की उतरवायची. मधल्या सुट्टीत दोघी डबा उघडायच्या, तेव्हा मात्र फार बोलणं नसायचं. अक्काचा घसा तेवढाच विसावा घ्यायचा आणि बाईंचे डोळे.

एकदा अक्काला ताप आला म्हणून बाईंनी एकटीने एक दिनदर्शिका तपासली आणि तीत 'कामगार दीन' असं छापून गेलं. मालक संतापले. कामगार मात्र म्हणाले, की या छापखान्यातून पहिल्यांदाच काहीतरी खरं बाहेर पडलंय. जुळाऱ्याने ते पान कापून दारावर चिकटवलं. बाईंनाही हसू आलं, पण मनातून त्या घाबरल्या होत्या. एकटीच्या डोळ्यांवर आपण भरवसा ठेवू शकत नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

पुढे छापखाना विकला गेला. नव्या मालकाला ती मागची खोली कागदाची रिळं ठेवायला हवी होती. तपासनिसांनी घरून काम करावं, मजकूर संगणकावर येईल, असं ठरलं. ज्यांना नको असेल त्यांनी निवृत्ती घ्यावी. अक्काने निवृत्ती घेतली. तिची लेक परगावी होती, तिच्याकडे ती राहायला निघाली. शेवटच्या दिवशी तिने चष्म्याचं घर पिशवीत टाकलं, छत्री उचलली, "सांभाळ गं," म्हणाली आणि बस चुकेल म्हणून घाईने गेली. बाई दारात उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांनंतर आणखी काहीतरी बोलणं व्हायला हवं होतं असं त्यांना वाटत राहिलं.

घरी आई नव्हती. ती गेल्याला बराच काळ लोटला होता. जिन्याच्या टोकाला दोन खोल्या, खिडकीखाली गल्ली, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. भावाचा आठवड्याने फोन यायचा. "काय चाललंय?" "चाललंय." "तब्येत?" "बरी आहे." मग तो पोरांच्या परीक्षांबद्दल सांगायचा आणि फोन ठेवायचा. एरवी दिवसचे दिवस बाईंच्या तोंडून शब्द निघायचा नाही. दूध घेताना "एक पिशवी" म्हणावं लागे तेव्हा आवाज घोगरा निघायचा आणि दूधवाला विचारायचा, सर्दी झाली का.

काम येत होतं. एका साध्या एडिटरमध्ये मजकूर उघडायचा, ओळीमागून ओळ वाचायची, चुका सुधारून परत पाठवायचा. पण चुका निसटू लागल्या. शालेय भूगोलाच्या पुस्तकात 'नदि' तशीच राहिली. व्यवस्थापकाने फोनवर सौम्यपणे सांगितलं, पण सौम्यपणाच जास्त लागला. बाई स्वतःच मोठ्याने वाचून बघू लागल्या. उपयोग होईना. डोळा शहाणा असतो, चूक परस्पर दुरुस्त करून पुढे जातो, आणि तोंड डोळ्याच्या मागे जातं. वाचणारा दुसराच कुणीतरी लागतो.

असा वाचणारा संगणकात मिळतो असं त्यांना व्यवस्थापकानेच सांगितलं. त्यांच्या एडिटरसाठी कुणीतरी एक प्लगइन, म्हणजे वरून जोडायचा छोटा प्रोग्राम, तयार केलं होतं. ज्या ओळीवर आपण असू ती ओळ ते वाचून दाखवायचं. फुकट होतं. ते बनवणाऱ्याने स्वतःचं नाव दिलं नव्हतं, नुसतं 'कासव' असं लिहिलं होतं.

प्लगइन दोन तुकड्यांचं होतं. सूचना वाचून बाईंनी ते आपल्या परीने समजून घेतलं. टपाल कचेरीत खिडकीवर एक कारकून बसतो आणि आतल्या खोलीत दुसरा. खिडकीवरचा फक्त मागणी घेतो आणि आत चिठ्ठी सरकवतो, खरं काम आतला करतो. एडिटरमध्ये बसवायचा तुकडा म्हणजे हा खिडकीवरचा, त्याला क्लायंट म्हणायचं. आवाज काढणारा आतला, तो सर्व्हर. दोघे एकाच संगणकात राहत असले तरी एकमेकांचं तोंड बघत नसत, नुसत्या चिठ्ठ्या चालत.

समजलं छान, पण चालेना. बाई सूचनेबरहुकूम सर्व्हर सुरू करायच्या, मग एडिटर उघडायच्या, आणि पडद्यावर यायचं, 'सर्व्हर सापडला नाही.' त्यांनी सगळं काढून टाकलं, पुन्हा घातलं. सापडला नाही. संगणक बंद करून चालू केला. सापडला नाही. दुपारच्या दुपारी यात गेल्या. शेवटी त्यांनी धीर करून इंटरनेटवरच्या प्लगइनच्या पानावर कासवाला निरोप लिहिला, खाली नाव 'दुसरीबाई'. लिहिताना प्रत्येक वाक्य तपासलं आणि मगच धाडलं.

उत्तर आलं. सर्व्हर सुरू केल्यावर एक काळी खिडकी उघडते, ती उघडीच ठेवता ना, असं त्याने विचारलं होतं. बाईंनी लिहिलं, नाही, तिच्यात काहीच दिसत नाही म्हणून मी ती लगेच बंद करते. पडद्यावर पसारा नको म्हणून. त्यावर उत्तर आलं ते त्यांनी दोनदा वाचलं. "ताई, तो त्याच खिडकीत बसतो. तुम्ही रोज त्याला कामावर बोलावता, तो येऊन टेकतो न टेकतो तोच घरी पाठवता, आणि मग बाहेरून हाका मारत बसता."

बाई एकट्याच हसल्या. मग त्यांची नजर निरोपावर पुन्हा फिरली आणि कपाळावर आठी आली. इथे सुधारून दिलंय, पण त्याने लिहिलेल्या 'तुम्ही'ला पहिली वेलांटी होती. 'आणि'ला दुसरी. एकूण एक शब्दात घोळ. प्रोग्राम लिहिणाऱ्या माणसाला साधं 'आणि' लिहिता येऊ नये? पण फुकट मदत करणाऱ्याच्या चुका काढणं बरं दिसत नाही, म्हणून त्या गप्प बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काळी खिडकी उघडी ठेवली, एडिटर उघडला, भूगोलाच्या धड्यावर गेल्या, आणि खोलीत कुणीतरी बोललं. "नदी डोंगरात उगम पावते पूर्णविराम." आवाज बाईचा नव्हता, पुरुषाचाही नव्हता. चढउतार नाही, भावना नाही. बाई चमकून मागे सरकल्या. मग पाहतात तो त्यांच्या हातात पेन्सिल आली होती. खूण करायला समोर कागदच नव्हता, पण हाताला ते ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दोघांचे निरोप सुरू झाले. बाई अडचण लिहायच्या, कासव दुरुस्त करायचा. सुरुवातीला भलतीच गंमत व्हायची. बाई भरभर खाली उतरल्या की खिडकीवरचा कारकून प्रत्येक ओळीची चिठ्ठी आत टाकायचा आणि आतला बिचारा सगळ्या चिठ्ठ्या क्रमाने वाचत बसायचा. बाई धड्याच्या शेवटी स्वाध्यायावर, आणि आवाज अजून उगमावरच. बाईंनी लिहिलं, आमच्याकडे वाचणाऱ्याला 'थांब' म्हटलं की तो तिथे थांबायचा. कासवाने तशी सोय केली. नवी चिठ्ठी पाठवण्याआधी क्लायंटने सर्व्हरला थांबवायचं, जुन्या चिठ्ठ्या फेकून द्यायच्या. मग संगणक चालू होताच सर्व्हर आपोआप सुरू होईल आणि ती काळी खिडकी नजरेआड राहील, अशीही व्यवस्था त्याने केली. सोबत लिहिलं, "हे खास तुमच्यासाठी. आवरून ठेवायची सवय सुटणार नाही तुमची."

पण मुख्य अडचण राहिलीच होती. 'दिन' आणि 'दीन' हा आवाज सारखेच म्हणायचा. 'नदि' असो की 'नदी', कानाला एकच. अक्का वाचताना वेलांटी बोलून दाखवायची, "नदी दुसरी." बाईंनी कासवाला विचारलं, तुमच्या सर्व्हरला पहिली-दुसरी बोलता येईल का? यावर तो नेहमीसारखा लगेच बोलला नाही. बरेच दिवस काहीच आलं नाही. आपण जास्तच मागितलं की काय, असं बाईंना वाटलं. संध्याकाळी त्या खिडकीत उभ्या राहून सायकलवाला फळ्या लावतो ते बघत आणि परत येऊन पान उघडून बघत.

मग मोठा निरोप आला.

कासवाने लिहिलं होतं की त्याला दिसत नाही. जन्मापासून तसं नव्हतं. तो एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा, नजर हळूहळू अधू होत गेली आणि आता फक्त उजेड-अंधार कळतो. नोकरी सुटली. थोरल्या भावाच्या घरी वरच्या खोलीत तो राहतो. हे प्लगइन त्याने स्वतःसाठीच केलं होतं, लिहिलेलं ऐकता यावं म्हणून. "वेलांट्या डोळ्यांत होत्या ताई, त्या डोळ्यांबरोबर गेल्या. कानाला सगळ्या सारख्याच. एकाने मला पानावर सगळ्यांसमक्ष लिहिलं की आधी पहिलीत जाऊन बस. तेव्हापासून मी शक्यतो थोडंच लिहितो. तुम्ही म्हणता ते झालं तर तुमच्यापेक्षा मला जास्त हवंय."

बाईंनी त्याचे जुने निरोप पुन्हा उघडले. त्यांनीही त्याच्या प्रत्येक निरोपावर मनातल्या मनात पेन्सिल चालवली होती.

मग दोघे कामाला लागले. सर्व्हरमध्ये ओळ आत आली की ती आवाजाकडे जाण्याआधी एका जागी थांबवता येते, असं कासवाने समजावलं. तिथे शब्दाला हवं ते जोडायचं. काय जोडायचं ते बाईंनी एका साध्या फाइलीत लिहायचं, एका बाजूला खूण, दुसऱ्या बाजूला तिचा उच्चार. ती फाइल वापरणारा प्रोग्राम तो लिहील. बाईंनी फाइल करून पाठवली. बसवून चालवली, तर आवाज सुटलाच. "नदी दुसरी जिच्या पहिली किनाऱ्यावर पहिली वस्ती दुसरी." ओळ संपता संपेना. अर्थ तर कुठच्या कुठे वाहून गेला.

तशात दारावर थाप पडली. खालच्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई होती, गळ्यात टेप तसाच.

"कोण आलंय हो तुमच्याकडे?" तिने विचारलं. "दोन दिवस ऐकतेय, सारखं पहिली दुसरी, पहिली दुसरी. शाळा काढलीत की काय?"

बाईंनी तिला आत घेऊन संगणक दाखवला. शिवणवालीने वाकून पडद्यामागेही पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली. "असं होय," म्हणाली. "मला वाटलं, आलं कुणीतरी." आणि लगेच, आपण काही लागेल असं बोललो की काय म्हणून, खिडकीच्या पडद्याचं कापड कुठून घेतलं वगैरे विचारत जिना उतरून गेली.

अक्का काही सगळ्या वेलांट्या बोलत नसे. काही बोलायची, काही सोडायची, आणि तरी चूक निसटायची नाही. तिचा नियम काय होता? बाई आठवू लागल्या तर आठवेना. कधी विचारायची वेळच आली नव्हती. अक्का गेल्यापासून फोन झाला होता तो एखादा, खुशालीपुरता. आता निमित्त मिळालं, या विचाराने बाईंना हुरूप आला. फोन करण्याआधी त्यांनी एक गंमत करून ठेवली. पानाच्या शेवटी आवाजाने म्हणावं, "थांब गं, पाणी पिते," असं फाइलीत घातलं. अक्का प्रत्येक पानानंतर तेच म्हणायची. अक्काला ऐकवायचं आणि हसायचं, असं त्यांनी ठरवलं.

अक्काने फोन उचलला तेव्हा मागे नातवंडांचा गलका होता. बाईंनी सगळं सांगितलं, फोन संगणकाजवळ धरून पान वाचून ऐकवलं, शेवटचं वाक्यही. अक्का हसली, पण थोडंच.

"छान आहे की," म्हणाली. "म्हणजे आता माझं काही अडत नाही."

"अडतंय म्हणून तर फोन केला. कुठली वेलांटी बोलायची आणि कुठली सोडायची, हे कसं ठरवायचीस तू?"

"ठरवायचं काय त्यात? तुझ्या तोंडाकडे बघून कळायचं. तू अडखळणार असं वाटलं की बोलायची."

बाई म्हणाल्या की ते दिवस चांगले होते.

"तुला आवडायचं ना ते काम," अक्का म्हणाली. "मला नाही गं कधी आवडलं. घरी गेल्यावर पोरीशी बोलायला आवाज उरायचा नाही. सुटले एकदाची." तिने ते सहज, हवेबद्दल बोलावं तसं सांगितलं. मग कुणीतरी पडलं, रडण्याचा आवाज आला, आणि नंतर करते म्हणून तिने फोन ठेवला.

बाईंनी पाणी प्यायचं ते वाक्य फाइलीतून काढून टाकलं. मग उठून स्वयंपाकघरात गेल्या, कशाला आलो ते आठवेना म्हणून परत आल्या. आयुष्यातली सगळ्यात जवळची सोबत म्हणून ज्याकडे आपण बघत आलो, ते दुसरीला ओझं होतं. रागवावं तर कुणावर? अक्काने कधी तक्रार केली नव्हती आणि कधी आवडतं असंही म्हटलं नव्हतं. ते सगळं बाईंनीच धरून चाललं होतं.

काही दिवस त्यांनी प्लगइनला हात लावला नाही. मग काम अंगावर आलं, आणि कासवही विचारू लागला. आता नियम त्यांनाच शोधायचा होता. विचार करता करता त्यांना सापडला, आणि इतका साधा होता की हसू आलं. शब्दाच्या शेवटी वेलांटी आली तर ती बहुतेक वेळा दुसरीच असते, म्हणून तिथे काही बोलायचं नाही. चुकून पहिली असली तरच बोलायचं. म्हणजे 'नदी' गुपचूप जाईल आणि 'नदि' आली की आवाज म्हणेल "पहिली." 'आणि', 'तथापि' असे जे नियम न जुमानणारे मोजके शब्द, त्यांची वेगळी नोंद करायची आणि ते चुकले तरच बोलायचं. मधल्या वेलांट्या मात्र बोलायच्या, तिथे कुणाचाच भरवसा नाही. त्यांनी हे कासवाला लिहून पाठवलं. त्याने आठवडाभर खपून ते बसवलं. नवी आवृत्ती निघाली तेव्हा त्याने पानावर खाली लिहिलं, 'वेलांट्यांची जबाबदारी: दुसरीबाई.'

आता आवाज भरभर वाचायचा आणि गरजेपुरतं अडवायचा. पुस्तकं बिनचूक जाऊ लागली. लोक ते प्लगइन घेऊ लागले. एका शाळेतल्या शिक्षिकेने पोरांच्या निबंधांसाठी बसवलं. एकाने तक्रार केली की यंत्र आपल्याला सासूसारखं टोकतं, आवाज बदलून मिळेल का. बाई सगळ्यांना उत्तरं लिहायच्या. दुपार त्यात बरी जायची.

कासवाचे निरोप बदलत गेले. आधी 'आणि' सुधारला, मग 'तुम्ही', मग तो लांब लांब लिहू लागला. भावाच्या घराबद्दल लिहायचा, वरच्या खोलीत सगळे जण दार न वाजवता येतात त्याबद्दल, वहिनी जेवण झाकून ठेवते पण गप्पा मारायला थांबत नाही त्याबद्दल. बाईंनी त्याला आपल्याबद्दल तितकं लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही आहे असं त्यांना वाटायचं नाही.

एके दिवशी त्याने नोकरीचा अर्ज पाठवला. एका कंपनीला आपल्या प्रोग्रामांसाठी मदतीचा मजकूर लिहिणारा माणूस हवा होता. तपासून द्याल का, असं विचारलं होतं. बाईंनी अर्ज नीट वाचला आणि लिहिलं, दोन राहिल्यात. लगेच उत्तर आलं. "कुठल्या ते सांगू नका. मी शोधतो." दुपारपर्यंत काही आलं नाही. मग अर्ज पुन्हा आला, दोन्ही जागा दुरुस्त. वर एक शब्द, "सापडल्या."

नोकरी लागली. निरोप कमी झाले ते साहजिकच होतं. नोकरदार माणसाला दुपारी वेळ कुठून असणार? प्लगइनच्या पानावर आता बाईच असायच्या. मधले काही आठवडे कासवाचं काहीच आलं नाही आणि मग एका सुट्टीच्या दिवशी त्याचा फोन आला. नंबर त्यांनीच कधीतरी दिला होता, वेळ पडली तर असावा म्हणून.

"ताई, मी कासव," तो म्हणाला. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक होता. "तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं. तुमचे सगळे निरोप मी त्या सर्व्हरच्याच आवाजात ऐकलेत. मला वाटायचं, तुम्ही तशाच बोलता."

बाई हसल्या, तोही हसला. निरोपात एवढं लिहिणारी माणसं फोनवर 'बरं आहे ना', 'बरं आहे' करत राहिली. शेवटी त्याने काम सांगितलं. त्याने लिहिलेली पहिली पुस्तिका छापायला चालली होती. कंपनीने पानं चित्रांसारखी करून पाठवली होती, ती काही सर्व्हरला वाचता येत नव्हती. मूळ मजकूर त्याच्याकडे होता. छापण्याच्या पानांत काही बदललंय का, एवढं बघायचं होतं. "तुमच्या छापखान्यात वाचायचे तसं वाचाल का? मी इकडे मूळ मजकूर ओळीओळीने ऐकत मिळवून बघतो."

बाईंनी आयुष्यभर खुणा केल्या होत्या, वाचलं कधी नव्हतं. त्यांनी पानं समोर मांडली आणि सुरुवात केली. "प्रथम यादी उघडा पूर्ण. हवा तो पर्याय निवडा स्वल्प." तिकडून "हं" यायचा. पुढची ओळ, "हं." कधी कधी तेवढंही नाही. सपाट वाचलं की चूक सांभाळता येते, पण सपाट वाचणं सोपं नव्हतं, जीव त्यातून काढून घ्यावा लागत होता. दोन पानांतच घसा कोरडा पडला. कुठली वेलांटी बोलावी हे कळत नव्हतं, कारण समोर चेहरा नव्हता. तो ऐकतोय की दुसरीकडे लक्ष गेलंय, काही समजायला मार्ग नव्हता. आपण भिंतीला वाचून दाखवतोय असं त्यांना वाटू लागलं.

अक्काने इतकी वर्षं हे केलं होतं. ती निदान बाईंचा चेहरा बघत होती. बाईंचे डोळे कागदावर असायचे. वर बघितल्याचा एकही प्रसंग त्यांना आठवेना.

पुस्तिका संपली. एक स्वल्पविराम गळला होता, तो कासवाला सापडला. त्याने मनापासून आभार मानले, पुन्हा फोन करीन म्हणाला. बाई पाणी प्यायल्या आणि थोड्या वेळाने त्यांनी अक्काला फोन लावला. इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनी विचारलं, "अक्का, वाचून घसा दुखायचा का गं तुझा?"

"दुखायचा."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू वर बघशील तर सांगणार ना."

बोलण्यात राग नव्हता. बाईंनी "हो गं" एवढंच म्हटलं. त्या दिवशी फोन लगेच ठेवला गेला नाही. अक्का गुडघ्यांबद्दल बोलली, जावयाच्या घोरण्याबद्दल बोलली, लेक स्वयंपाकघरात हात लावू देत नाही त्याबद्दल बोलली. बाई ऐकत राहिल्या. अखेर अक्का म्हणाली, ये की एकदा.

बाई गेल्या. अक्काच्या लेकीचं घर माणसांनी भरलेलं होतं. सतत कुणी ना कुणी येत होतं, दूरदर्शन चालू होतं, नातवंडं बाईंच्या पिशवीत काय आहे ते बघत होती. दोघींना एकांत असा मिळालाच नाही. अक्का इकडून तिकडे फिरत होती, बाई सांगितलेल्या खुर्चीवर बसून होत्या. आलो कशाला, असंही मध्येच त्यांच्या मनात येऊन गेलं. संध्याकाळी परतायची वेळ झाली, तेव्हा अक्का पायात चपला अडकवून बसथांब्यापर्यंत सोडायला आली.

थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. बस यायला वेळ होता. अक्का गुडघा चोळत बाकावर बसली आणि रस्त्याकडे बघत लेकीबद्दल काहीतरी सांगू लागली. बाई तिच्याकडे वळून बसल्या. उतरतं ऊन अक्काच्या तोंडावर आलं होतं. तिचे डोळे घारे आहेत, हे बाईंना तेव्हा कळलं.